हंगेरीच्या दालनातले अण्णा

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीला नाही. जिला मी माझी बाळंतपणं, सासूशी झालेली भांडणं, सगळं सगळं सांगितलंय त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते नका विचारू. तुम्ही अनोळखी आहात म्हणून असेल. किंवा तोंड दाबून बसायचा आता वीट आलाय म्हणून असेल.

आणि आधीच सांगून ठेवते — ही गोष्ट मी स्वतःला इतक्यांदा सांगितलीय की ती गुळगुळीत झालीय. दर वेळी तिच्यात मी जराशी कमी वाईट असते. कधी म्हणते, घाबरले होते. कधी म्हणते, क्षणात झालं, काही सुचलंच नाही. आज तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवून बसलेय. बघू जमतंय का.

दोन हजार सालचा उन्हाळा होता. आम्ही हॅनोव्हरला राहायचो. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, मुलगी किंडरगार्टनमध्ये, मी घरी. त्या वर्षी शहरात जगातल्या देशांचं मोठ्ठं प्रदर्शन भरलं होतं, आणि माणसं कमी पडत होती. मी पुण्यात जर्मन शिकलेली, इंग्रजी येणारी. एका एजन्सीनं मला घेतलं आणि नेऊन कुठे उभं केलं? तर हंगेरीच्या दालनात. मला हंगेरीतलं काय कळत होतं? डोंबल! पण त्यांनी पाठ करायला कागद दिले आणि मी घडाघडा पाठ केले. पाठांतरात मी पहिल्यापासून हुशार.

सुंदर होतं हो ते दालन. सगळं लाकडाचं, आत शिरलं की ओल्या फळ्यांचा वास यायचा. भिंतींवर निळ्या छपाईचं कापड, काळी मातीची मडकी, लाल मिरच्यांच्या माळा. मिरच्यांच्या माळा बघून मला पहिल्याच दिवशी रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. अंगात आम्हाला फुलाफुलांचं भरतकाम केलेलं जाकीट असायचं. ते घालून मी जर्मन आजीबाईंना टाके समजावून सांगायची. ‘तुम्ही हंगेरियन का?’ असं कुणी विचारलं की नुसती हसायची. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. त्यांचं ते समजून घेतात.

ही विद्या मला नवी नव्हती. सांगायचं तेच तर आहे.

आमचं आडनाव जाधव. हॅनोव्हरला तेव्हा मोजकी मराठी घरं होती; गणपतीला, दिवाळीला जमायची. मंडळ म्हणायचे त्याला. सुमेधावहिनी म्हणून होत्या, वयानं मोठ्या, त्याच सगळं चालवायच्या. पहिल्या भेटीतच त्या म्हणाल्या, ‘जाधव म्हणजे साताऱ्याकडचे का?’ आणि मी हसले. बस्स, तेवढंच. नुसती हसले. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं, आणि मी त्यांना समजू दिलं. आम्ही बौद्ध आहोत. त्याआधी आमच्या आजा-पणजाला गाव काय म्हणायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, मी वेगळं कशाला सांगू? पाहुणे यायचे असले की हॉलमधली बुद्धाची मूर्ती तशीच ठेवायची — ती तर जर्मन लोकही बागेत ठेवतात, बाथरूममध्येसुद्धा ठेवतात, कुणाला कसला संशय? तिच्या शेजारचा निळ्या कोटातला फोटो मात्र आत, कपाटात. फोनवर माहेरी बोलताना आमच्यातला तो दोन शब्दांचा नमस्कारही मी हळू आवाजात करायची. स्वतःच्या घरात! भिंतीपलीकडे कोण, तर एक बहिरी जर्मन म्हातारी. हसू येतं ना? मलाही येतं कधीकधी.

त्या उन्हाळ्यात अण्णा आले. माझे वडील. औरंगाबादला पोस्टात जन्म काढला, आई गेल्यावर पार मिटून गेले होते. बहीण म्हणाली, तुझ्याकडे ने थोडे दिवस. घरी दिवसभर एकटे कसे ठेवायचे? मग माझ्या आउसवाइसवर, म्हणजे कामाच्या ओळखपत्रावर, मी त्यांना रोज दालनात घेऊन जायला लागले. कोपऱ्यात बाकावर बसायचे. पांढरा शर्ट, त्यावर माझ्या नवऱ्याचं जुनं जर्किन.

मंडळात मी सांगितलंच नव्हतं ते आलेत म्हणून. नवऱ्यानं एकदा विचारलं, ‘अगं, अण्णांना घेऊन एकदा जाऊ या की सगळ्यांकडे.’ मी म्हटलं, गुडघे दुखतात त्यांचे. खरं काय, तर अण्णांना हसून गप्प बसता येत नसे. कुणीही ‘कुठले तुम्ही?’ म्हटलं की ते सगळं सांगायचे. गाव, वस्ती, आजा, बाप, दीक्षा कधी घेतली — सगळं, छाती पुढे काढून. आता कळली भीती कसली होती?

दालनात रोज संगीत असायचं. हंगेरीहून एक ताफा आला होता. व्हायोलिन, मोठं बास, आणि आपल्या संतुरासारखं एक वाद्य, काठ्यांना कापूस गुंडाळून वाजवायचे. ताफ्याचा म्होरक्या योश्का बाची. बाची म्हणजे काका. सावळा, जाड मिशांचा, हसला की सोन्याचा दात दिसायचा. ते तिकडचे रोमा लोक, ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात ते. जर्मन अभ्यागत टाळ्या भरपूर वाजवायचे, आणि टाळ्या संपल्या की बायका पर्स जरा जवळ ओढून घ्यायच्या. मी बघायची ते. मला ते ओळखू येणार नाही तर कुणाला येणार?

योश्का बाची आणि अण्णा यांची कशी गट्टी जमली, देव जाणे. एकाला हंगेरियन आणि मोडकंतोडकं जर्मन, दुसऱ्याला मराठी. नाव ऐकूनच योश्का खो-खो हसला. त्यांच्याकडे अन्ना म्हणजे बाईचं नाव! अण्णाही हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांचं तसं हसणं ऐकलं मी. मी मध्ये बसून दुभाषाचं काम करायची. एकदा योश्का सांगत होता, त्याचा आजा जमीनदारांच्या लग्नांत वाजवायचा. रात्रभर वाजवून घ्यायचे आणि जेवायला मागच्या अंगणात, सगळ्यांचं आटपल्यावर. अण्णा एकदम सावरून बसले. मला ते लाडानं ‘माय’ म्हणायचे. म्हणाले, ‘सांग त्याला माय, आमच्यातबी असंच व्हतं. माझा बाप डफडं वाजवायचा. सांग, सांग त्याला.’

शेजारी आमची सुपरवायझर उभी होती. दोन जर्मन पोरी होत्या कामावरच्या. आणि मी काय सांगितलं? ‘वडील म्हणतात, त्यांना संगीत फार आवडतं.’

योश्कानं माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे.

डफड्याचं सांगायला हवं. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी डफडं चौकात आणून फोडलं होतं. गावकीचं काम बंद, चामड्याला हात लावायचा नाही, पोरांनीही नाही. अण्णा तेव्हा पोरसवदा, बापाच्या खांद्यावर बसून ठेका शिकलेले. तो हात त्यांनी आयुष्यभर मुठीत धरून ठेवला. शब्द म्हणजे शब्द. घरी आम्हा पोरींना साधी ढोलकीसुद्धा आणू दिली नाही कधी.

आणि योश्काच्या ताफ्यात एक दुधाची किटली होती. हो, दुधाची. मोठी, पत्र्याची, गवळी नेतात तशी. त्यांच्यातले काही लोक ती मांडीवर आडवी घेऊन बोटांनी, तळव्यानं वाजवतात. ढोल परवडत नसे त्या काळापासूनची रीत. एके दुपारी वाजवणारा चहाला गेला होता, किटली बाकावर पडलेली. अण्णांनी ती ओढली, उलटी-सुलटी करून पाहिली, आणि मला म्हणाले, ‘ह्याला चामडं नाई. चालतंय.’

मग वाजवलं.

मी तो ठेका कधीच ऐकला नव्हता. माझ्या आजाचा ठेका, आणि मला माहीत नव्हता! नवरदेवापुढे चालताना वाजवायचा तो. आधी थबकत थबकत, मग एकदम उसळी. दालनातली माणसं वळून बघायला लागली. योश्कानं व्हायोलिन उचललं आणि त्यात शिरला. अण्णांचे डोळे मिटलेले, मान डोलत होती, गालावरून पाणी वाहत होतं. साठीचा माणूस. मी तिथे फुलाफुलांचं जाकीट घालून उभी. मला काय वाटलं असेल? अभिमान? नाही. मला वाटलं, कुणी ओळखीचं तर बघत नाही ना.

योश्कानं हट्टच धरला. रविवारच्या कार्यक्रमात अन्नानं आमच्यासोबत वाजवायचं. सुपरवायझरही खूश, पाहुण्या देशाचा माणूस हंगेरीच्या ताफ्यात — याहून बरं काय पाहिजे? अण्णांनी लाजत मान हलवली. घरी जाऊन स्वतःच्या हातानं शर्टाला इस्त्री केली. ट्राममध्ये कंडक्टरला ‘डांके शोन’, म्हणजे आभारी आहे, म्हणायला शिकले होते तेवढंच जर्मन. ते आरशापुढे घोकत होते, टाळ्या पडल्यावर म्हणायचं म्हणून.

त्याच रविवारी मंडळातल्या बायका प्रदर्शन बघायला येणार होत्या. मीच बोलावलं होतं, महिनाभर आधी, फुशारकी मारत. वहिनींना मी दुपारची वेळ दिली, अण्णांचं सकाळीच आटपणार होतं. आणि — इथे मी नेहमी पुढे पळते, आज पळत नाही — शनिवारी मी सुपरवायझरकडे गेले आणि सांगितलं, अनाउन्समेंटमध्ये माझे वडील म्हणून म्हणू नका. नुसतं ‘भारतातून आलेले पाहुणे’ म्हणा. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, त्यांना संकोच वाटतो. त्यांना! कळलं ना? क्षणात वगैरे काही झालेलं नाही. मी आदल्या दिवशी ठरवून, चालत जाऊन सांगून आले होते.

रविवारी वहिनी सकाळीच हजर. गर्दी टाळायला लवकर आलो म्हणाल्या. चौघीजणी, ठेवणीतल्या साड्या नेसून. अनाउन्समेंट होऊन अण्णा स्टेजवर चढले आणि ह्या दारातून आत आल्या.

त्या दिवशी अण्णांनी जे वाजवलं ना... मला संगीतातलं काही कळत नाही, तरी सांगते. योश्काचं व्हायोलिन आधी रडत होतं, लांब लांब सुरांत. अण्णा नुसते बोटांच्या टोकांनी पत्र्यावर टिकटिक करत होते. मग योश्का थांबला. मुद्दाम थांबला, अण्णांना मोकळं सोडलं. आणि तो ठेका उसळला. जर्मन लोक बाकांवरून उठले. सुमेधावहिनी माझा दंड धरून म्हणाल्या, ‘अगं बाई! हे तर आपल्याकडचं! आमच्या गावी लग्नात वाजवायचे ते लोक, अगदी हेच. काय सुरेख वाजवतोय गं हा माणूस! कोण आहेत हे? ओळखतेस?’

त्या वाईट नव्हत्या हो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तेव्हा ‘माझे वडील’ म्हटलं असतं तर काय झालं असतं? फार तर त्या क्षणभर गप्प झाल्या असत्या. कदाचित मिठी मारली असती. मला माहीत नाही. मी जाणूनच घेतलं नाही.

मी म्हटलं, ‘नाही हो. असतील ह्या ताफ्यातलेच कुणीतरी.’

तेवढ्यानं भागलं असतं तर! टाळ्या थांबेनात. अण्णांनी स्टेजवरून मला शोधलं. मी दिसले तसे खाली उतरले, किटली काखेत तशीच, आणि सरळ माझ्याकडे यायला लागले. चेहरा असा फुललेला. दोन्ही हात पुढे केलेले. तोंड उघडलं होतं — आता ‘माय’ म्हणणार, एवढंच मला दिसत होतं. चौघीजणी माझ्या बाजूला उभ्या.

मी एक पाऊल पुढे झाले. कामावरच्या बाईचा आवाज काढला आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हटलं, ‘बिट्टे, मुझिकर हिअर हिंटेन.’ वादकांनी कृपया इकडे मागच्या बाजूला. आणि हातानं मागचं दार दाखवलं.

माझ्या बापाला.

त्यांना जर्मन कुठून कळणार? पण हात कळला. तसा हात त्यांनी लहानपणी पुष्कळ बघितला होता. ते थांबले. माझ्याकडे बघितलं, माझ्या शेजारच्या साड्यांकडे बघितलं, आणि पुढे आलेले हात हळूच खाली गेले. त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं; मग त्यांनी किटली दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं होतं ते गोंधळतील, काही विचारतील. नाही. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मान थोडी झुकवली, अनोळखी माणसापुढे झुकवतात तशी, आणि म्हणाले, ‘डांके शोन, मॅडम.’

आणि मागच्या दारानं गेले.

वहिनी म्हणाल्या, ‘किती गं नम्र!’ मी त्यांना काळी मडकी दाखवायला घेऊन गेले. टाके समजावले. त्यांना कॉफी पाजली. हसत होते मी. सांगते ना, हसत होते!

योश्कानं हे सगळं स्टेजवरून पाहिलं होतं. तो आधी मला ‘लान्योम’ म्हणायचा, म्हणजे माझी लेक. त्या दिवसापासून फ्राउ जाधव, म्हणजे जाधवबाई. अगदी अदबीनं, प्रदर्शन संपेपर्यंत. एकदाच त्यानं विचारलं, अन्ना का येत नाही? मी म्हटलं, गुडघे. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि व्हायोलिन पेटीत ठेवायला वळला.

अण्णा पुन्हा दालनात आलेच नाहीत. ‘तू जा, मी हितं पोरीपाशी बसतो,’ म्हणायचे. नातीला खांद्यावर घेऊन फिरायचे. माझ्याशी पूर्वीसारखेच बोलायचे — भाजी चांगली झाली, थंडी पडायला लागली, स्वेटर घाल. त्या रविवारबद्दल एक शब्द नाही. रागावले असते तर मी पाय धरले असते... धरले असते का? काय माहीत. मी तरी कुठे बोलले? परतायच्या दिवशी विमानतळावर आत जाताना ते वळले, आजूबाजूला बघितलं — आणि आमच्यातला तो नमस्कार मला हळू आवाजात केला. आयुष्यभर मोठ्यानं करणारा माणूस. माझी अडचण होऊ नये म्हणून.

काही वर्षांनी ते गेले. मला पोहोचायला उशीर झाला, सगळं उरकलं होतं. घरात माणसं बसलेली, अण्णांच्या पोस्टातले, वस्तीतले. मी कुणाच्याही डोळ्यांत बघत नव्हते. अण्णांचे जुने सोबती सोनवणेकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘हीच ती लेक. जर्मनीवाली. अण्णा किती सांगायचा गं तुझं! दहा जण जमले की त्याचं तेच सुरू. हजार गोऱ्या माणसांपुढं तू त्याला स्टेजवर नेलंस. बापाचा ठेका वाजवायला लावलास. आन् माईक हातात घेऊन सांगितलंस म्हणं, हे माझे वडील हायत, माझा आजा डफडं वाजवायचा. रडायचा सांगताना. म्हणायचा, माझ्या लेकीनं माझ्या बापाचं नाव काढलं.’

सगळे माझ्याकडे बघत होते. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. एका पोरीनं मोबाईल खाली ठेवला, मी काय म्हणते ते ऐकायला.

‘खरंय ना गं?’ काकांनी विचारलं.

‘हो काका,’ मी म्हटलं. ‘जर्मनमधून सांगितलं होतं.’